डोनेगलच्या डोंगरावरचे वाफे

आयर्लंडच्या वायव्येला, समुद्रकाठच्या डोनेगल परगण्यात माझी लेक नर्स आहे. वसंतात तिच्याकडे गेले होते. एका संध्याकाळी तिरप्या उन्हात समोरच्या हिरव्या डोंगरावर एकाएकी रेघा उमटल्या, ओल्या केसांतून फणी फिरवावी तशा.

"ते बटाट्याचे जुने वाफे," शेजारच्या नोराबाई म्हणाल्या. "पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या मोठ्या दुष्काळात रोग पडून बटाट्याचं पीक कुजलं. कितीतरी माणसं उपाशी मेली, कितीतरी जहाजानं अमेरिकेला गेली. नंतर तिथे कुणी कुदळ लावली नाही."

माती माणसांच्या हातांची खूण इतकी जपते, आणि माणसं मात्र परतत नाहीत! मला गलबलून आलं. माझीही लेक अशीच दूर आलेली.

"इथून सगळे जातच राहिले का हो?" मी विचारलं.

"माझी दोन्ही मुलं ऑस्ट्रेलियात आहेत. पण हिवाळ्यात मी पडले, तेव्हा तुमची लेक ड्यूटीवरून रोज आधी माझ्याकडे यायची. घरचंच कुणी परत आल्यासारखं वाटायचं."

लेक मला यातलं एका शब्दानं बोलली नव्हती. आठ दिवस मनात घोळवलेलं "परत चल" मी गिळलं आणि नोराबाईंना म्हटलं, "यंदा तुमच्या परसात बटाटे लावूया. आम्ही दोघी येतो उद्या."