भासऱ्यांचा पाय आणि गाडीचा ब्रेक

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं. चौथी झाली आणि शाळा सुटली. चुकलं असेल त्याची माफी असावी. कुणाची माफी मागते तेही ठाऊक नाही, कारण ही वही धानाच्या कोठीमागे असते आणि मीच ती वाचते.

बालाघाटला नवऱ्याचे मोठे भाऊ, म्हणजे माझे भासरे, टॅक्सी चालवायचे. गाडी जुनी, काळी, लांबलचक, अमेरिकेची. एका ठेकेदारानं गाव सोडताना स्वस्तात दिलेली. बालाघाट ते परसवाडा, मधे घाट. माझे हे परसवाड्याकडे लाकडाच्या डेपोवर कामाला होते. शनिवारी त्याच गाडीनं घाट उतरून घरी येत. म्हणजे दर शनिवारी माझं सगळं त्या गाडीत बसलेलं असे.

आमच्यात धाकट्या भावाची बायको भासऱ्यांशी बोलत नाही. समोर गेलं तर पदर नाकापर्यंत. त्यांच्या खाटेवर बसायचं नाही, गाडीतल्या त्यांच्या जागेवर तर नाहीच. लग्नाला सात वर्षं झाली होती, मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते.

त्या वर्षी पोळ्यानंतर त्यांचा उजवा पाय दुखायला लागला. संध्याकाळी ते खाटेवर पाय पसरत आणि सासूबाई मोहाच्या बियांचं तेल लावून मांडी चोळत. तेल कोमट मी करायची.

"पाय गेला माहा, मा. ब्रेक दाबाले जोरच नाही राह्यला."

"म्हातारा झाला का तू माह्या आधी?" सासूबाई म्हणत आणि अजून जोरानं चोळत.

सकाळी गाडी धुणं माझं काम. धुऊन मी बाजूला होई, मग भासरे येऊन इंजिन चालू करत आणि ब्रेक दाबून बघत. दाबला की आतून सुस्स असा आवाज येई, आणि इंजिन दचकल्यासारखं करी. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. माझे वडील भजनाच्या पेट्या दुरुस्त करायचे. पेटीचा भाता फाटला की असाच आवाज येतो. वाजवणारा हात दुखतो म्हणून तक्रार करतो. वडील म्हणायचे, आधी भाता बघा, मग हात.

मी सासूबाईंना सांगितलं.

"तुह्या बापाची पेटी व्हय का ते?" त्या हसल्या. "मोटर हाय, बाई! पेटी वाजवून परसवाड्याले जाते का कोनी?"

शनिवारी यांना सांगितलं.

"दादाले मी सांगू? म्हनन, कालचा पोरगा मले गाडी शिकवून राह्यला. तू काहून डोकं लावतं त्याच्यात?"

मग सांगायला कुणी उरलं नाही. तेल कोमट करायचं, सकाळी तो आवाज ऐकायचा आणि शनिवारी दारात उभं राहायचं. दोन महिने असे गेले. एकदा तर धुताना मी गाडीलाच हात जोडले. दुसरं काय करता येत होतं?

एका शनिवारी हे गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन आले. घाट उतरल्यावर वळणावर धानाची बैलगाडी आडवी आली. भासऱ्यांनी दोन्ही पाय ब्रेकवर दिले तरी गाडी थांबेना, शेवटी बांध ओलांडून धानाच्या बांधीत जाऊन बसली. कुणाला लागलं नाही. हे हसत सांगत होते. मी त्यांच्या पायांवर पाणी ओतून चिखल धुतला.

भासरे हसले नाहीत. सोमवारी हे डेपोवर परत गेल्यावर ओसरीवर बसून म्हणाले, "मा, गाडी विकतो. वारासिवनीचा गिरणीवाला घेतो म्हन्ते. माह्या पायानं उद्या कोनी मरन."

गाडी गेली की घरातली अर्धी कमाई गेली. आणि ज्याचा पाय गेला म्हणून गावभर झालं, त्याच्या हाती दुसरा कोण गाडी देणार? शिवाय तो गिरणीवाला त्याच ब्रेकवर बायकापोरं बसवणार. मी चुलीपुढे होते. मला काय झालं माहीत नाही. मी चुलीकडे बघून मोठ्यानं बोलले.

"चुलीबाई, भाता फाटला का वाजवनाऱ्याचा हात दुखते. हाताचा दोष नसते."

 ओसरीवरून भासऱ्यांचा आवाज आला, "मा, चूल काय म्हनून राह्यली?"

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. "चूल म्हन्ते, ब्रेक दाबला का सुस्स वाजते."

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. त्यानं बोनेट उघडून पेडलच्या पुढे बसवलेला घमेल्याएवढा लोखंडी डबा दाखवला. "ये बूस्टर. इंजिन यातून हवा ओढते अन् पायाले मदत करते." इंजिन चालू ठेवून, डब्याची नळी काढून त्यानं तिच्या तोंडावर अंगठा धरला. अंगठा ओढला गेला. त्यानं नळी परत बसवली. "नळी ठीक हाय. आता पेडल पाहू. इंजिन बंद ठेवून पाच-सहा डाव दाबा, मग पाय दाबून धरा अन् चाबी फिरवा. पेडल आपोआप खाली गेलं तर बूस्टर चांगला."

"माह्या पायाचा भरवसा नाही," भासरे म्हणाले. "दुसरा पाय पाह्यजे."

सासूबाईंचे पाय तिथवर पोचेनात. मिस्त्रीचं डोकं बोनेटमध्ये. भासरे उठले आणि रस्त्याकडे तोंड करून पाठमोरे उभे राहिले. सासूबाईंनी माझा दंड धरून मला भासऱ्यांच्या जागेवर बसवलं.  दाबला, दाबला, पेडल दगड झालं. दाबून धरलं आणि चावी फिरवली. इंजिन घुरघुरलं, सुस्स वाजलं. पेडल केसभरही हललं नाही.

"बूस्टर गया," मिस्त्री म्हणाला. "अंदरचा रबराचा पडदा फाटला. भाऊ, पाय तुमचा नाही गेला. या बाईचा पाय भी तेच बोलते."

भासरे वळले नाहीत. मी उतरून मागच्या दारानं आत पळाले.

तसा बूस्टर मिळणं कठीण होतं. मिस्त्रीनं गोंदियाला भंगारातल्या गाडीतून एक शोधला, दीडशे रुपये. गाडी उभी, भासऱ्यांजवळ काही नव्हतं. गोधड्या शिवून मी जमवलेले पैसे होते, ते सासूबाईंच्या हातात दिले. त्यांनी कुणाचे ते सांगितलं नाही, पण हे डेपोवर होते, घरात पैसे असणारं दुसरं होतं कोण?

जुना डबा निघाला, नवा चार नटांवर बसला, ब्रेकच्या तेलातली हवा काढली. मग भासरे स्वतः बसले. पाच-सहा वेळा दाबून पाय धरला, चावी फिरवली. मी दाराआडून बघत होते. त्यांचा गुडघा हळूच पुढे गेला, पाण्यात पाय सोडावा तसा. ते इंजिन चालू ठेवून बराच वेळ तसेच बसून राहिले.

पाय मात्र पुरता बरा झाला नाही. दोन महिने दगड दाबून काहीतरी बिघडलंच असावं. तेल कोमट करणं चालू राहिलं. पहिल्याच महिन्यात चुलीशी बोलले असते तर, असं ते करताना रोज मनात येई, आणि आजही येतं.

पुढे दर महिन्याला जात्याच्या पाळीवर दहाची एक नोट सापडायची, वर खडा ठेवलेला. पंधराव्या महिन्यात नोटेवर खडा होता आणि भासरे ओसरीवरून आत न बघता म्हणाले, "मा, चुलीले सांग, तिचे सगळे फिटले."