सईबाईंची पितळी भांडी

वेंकोबांना कोळशाचं भारी कौतुक. उत्तर चेन्नईतल्या वीजकेंद्राच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काढली या माणसानं. घरी आलेल्या पाहुण्याला कॉफीआधी जमिनीखाली गाडलेल्या जंगलांची गोष्ट ऐकावीच लागे. कोट्यवधी वर्षं दबून काळी झालेली झाडं जहाजानं बंदरात येतात आणि पट्ट्यावरून बॉयलरमध्ये जातात. त्यातला एक ग्रॅम भट्टीत जाळायचा आणि मागे राख किती उरली ते सांगायचं, एवढंच वेंकोबांचं काम. शंभर भागांत पस्तीस-चाळीस भाग राखच निघे. बाकीच्यावर शहराचे पंखे फिरत.

बायको सईबाई तंजावरची. माहेरी पूजेची पितळी भांडी चुलीतली राख आणि चिंच लावून घासायची सवय. केंद्राच्या कॉलनीत गॅस, तिथे चूल कुठली आणि राख कुठली? दुकानातल्या पावडरीनं पितळ उजळत नाही म्हणून नवी नवरी कुरकुरली, तशी वेंकोबांनी बिस्किटांच्या डब्यातून केंद्रातली राख आणली. पिठापेक्षा मऊ! समई अशी लखलखली, की शेजारणी बघायला आल्या. वेंकोबांची छाती फुगली आणि दर गुरुवारी डबा येऊ लागला.

यंदा सईबाईंना जिना चढवेना. शहराबाहेर सिरुसेरीच्या आयटी पार्कात नोकरी करणारी लेक कीर्तना दोघांना मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी वीजकेंद्राचं दवाखान्याचं कार्ड पाहिलं आणि छातीचा फोटो उजेडाला धरला.

"अम्मा, वीजकेंद्रात किती वर्षं होतात?"

"अय्यो, मी कशाला? गेटाच्या आंत एक दिवस गेलें नाहीं," सईबाई हसल्या, आणि त्यांना ठसका लागला.

"मग फुफ्फुसांत ही एवढी बारीक धूळ कुठली? आता ती निघायची नाही."

कीर्तनानं बापाकडे पाहिलं. वेंकोबांना कधी साधा खोकला नव्हता. कामावर मास्क लावल्याशिवाय ते राखेच्या पाच हात जवळ जात नसत, नवख्यांनी मास्क काढला तर अंगावर ओरडत. तीच राख घरी आली की मात्र त्यांच्या लेखी ती आजीच्या चुलीतली होऊन जाई. इतका हुशार माणूस, पण एकतीस वर्षांत एकदाही डोक्यात आलं नाही!

घरी आल्यावर कीर्तना औषधं आणायला गेली. वेंकोबा बायकोसमोर मान खाली घालून बसले. त्यांना स्वतःची लाज वाटत होती.

"सई, त्या राखेनं झालं. मी आणलेल्या."

"ठावूक आहे," सईबाई म्हणाल्या. "डबा उघडला कीं खोकला यायचा. धा वर्षं झालीं."

"मग बोलली का नाहीस?" वेंकोबा जवळजवळ ओरडलेच.

सईबाईंनी दम खाल्ला.

"अहो, जल्मभर तुम्ही कोळशाचंच बोललां. माझ्यासाठी म्हणून येवढं एकच आणत होतां. तेंही नको म्हणूं?"