टोकाची खुर्ची

रेवदंड्यात माझ्या बर्फाच्या कारखान्यामागे एक शेड आहे. दर रविवारी तिथे दहाबारा म्हातारे जमतात आणि हौसेखातर स्विंग वाजवतात, पूर्वी क्लबात लोक जोडीजोडीनं नाचायचे ते संगीत. त्यांचा पहिला ट्रंपेटवाला, म्हणजे रांगेत सगळ्यात पुढं बसून वरचे सूर वाजवणारा, निवृत्त एसटी ड्रायव्हर. आवाज दाबायचा असेल तर तो ट्रंपेटच्या तोंडावर नारळाची करवंटी धरतो. कुणी चुकलं की म्हणतो, "गाडी रिव्हर्स घ्या," आणि सगळे मुकाट पहिल्यापासून सुरू करतात.

शिमग्याच्या आधी मच्छीमार सोसायटीनं मला अध्यक्षपदावरून काढलं. तो राग अजून गेलेला नाही. त्याच आठवड्यात ह्या ट्रंपेटवाल्याच्या नव्या कवळीनं घात केला. वरचा सूर पुन्हा पुन्हा फाटू लागला. त्याला रिव्हर्स म्हणायची कुणाची छाती नव्हती. सगळे आपापल्या चपला बघत बसले. तेव्हा तो उठला, आपली खुर्ची रांगेच्या टोकाला नेऊन ठेवली आणि शेजाऱ्याला म्हणाला, "सरक पुढं." मग त्यानं खालचे सूर असे धरले, की त्या शेजाऱ्याचा वरचा सूर थेट पत्र्याला जाऊन भिडला.

"काका, कुणी काढलं न्हाय, तर उठलात कशाला?" मी तापूनच विचारलं.

करवंटी पुसत तो म्हणाला, "पुढं बसून इतकी वर्षं मला माझाच आवाज यायचा रे. बँड आज ऐकला."

सोसायटीच्या सभेला मी अजून जात नाही. रविवारी मात्र त्या टोकाच्या खुर्चीशेजारी जाऊन बसतो.