कुत्र्याच्या नावानं

हिवाळ्यातल्या कोरड्या सकाळी फ्लीसच्या, म्हणजे कृत्रिम लोकरीच्या, कापडावरून हात फिरवला की बारीक चटचट आवाज होतो आणि मनगटावरचे केस आपोआप उभे राहतात. त्या कापडाला वजन नाही, वास नाही. ऊब मात्र अशी, की आपल्याच तळव्याची उष्णता कुणी जपून ठेवावी आणि क्षणात परत करावी. कात्री घातली तर ती पाण्यातून जावी तशी निःशब्द पुढे सरकते. आणि मग ती गोष्ट दिसते, जिच्यापाशी मी दर हिवाळ्यात थबकतो. कापलेल्या कडेतून एकही धागा सुटत नाही. आम्ही कापसाच्या जिल्ह्यातली माणसं. कापड म्हणजे ताणाबाणा, आणि कापलं की ते धाग्याधाग्यानं विस्कटणार, हे आमच्या बोटांना डोळ्यांआधी ठाऊक असतं. ज्या वस्त्रावर कापल्याची खूणच राहत नाही, त्याच्यावर विश्वास तरी कसा ठेवावा?

यवतमाळच्या आमच्या घराच्या ओसरीत रविवारी सकाळी मी कुत्र्यांसाठी पांघरुणं करीत बसतो. कृती इतकी सोपी, की तिला कला म्हणायला संकोच वाटावा. दोन सारखे तुकडे एकावर एक ठेवायचे, चारही बाजूंनी चार-चार बोटं आतपर्यंत पट्ट्या कापायच्या आणि वरची पट्टी खालच्या पट्टीशी बांधत जायचं. सुई नको, दोरा नको. उरलेल्या लांब तुकड्यांच्या तीन पट्ट्या घेऊन त्यांची घट्ट वेणी घालायची, दोन्ही टोकांना गाठ मारायची, की झालं खेळणं. एक टोक कुत्र्याच्या तोंडात, दुसरं माणसाच्या हातात. गल्लीतली माणसं येतात, आपापल्या कुत्र्याचं माप सांगतात आणि "सर, मन मोठं आहे तुमचं" असं म्हणून जातात. मी मान हलवतो. ती होकाराची असते की नकाराची, हे मलाच नीट कळत नाही.

ही वेणी मला कोणी शिकवली, हे मी या हिवाळ्यापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. पत्नीलाही नाही. आज तुम्हाला सांगतो; सांगून काय होईल, ते ठाऊक नाही.

मारेगाव तालुक्यातल्या एका लहानशा गावी मी तेव्हा शिक्षक होतो. आमचं घराणं कचेरीतलं. आजोबा कारकून, वडील कारकून, आणि शेत आम्ही पाहिलं ते बहुतेक एसटीच्या खिडकीतून. कापसाचे ते वाईट दिवस होते. भाव पडलेला, आज नाही तर उद्या चढेल या आशेवर माणसांनी वेचलेला कापूस घरातच भरून ठेवलेला. माझ्या खोलीच्या भिंतीला भिंत लागून यमुनाकाकूंचं घर होतं. साठी ओलांडलेली, काटक, पांढऱ्या केसांची ही बाई. मुलगा आणि सून कामासाठी दूरदेशी, आणि आठ वर्षांची नात मंदा हिच्यापाशी. त्यांच्या घरात कापसाचा ढीग आढ्याला टेकला होता. दारातून पाहिलं की वाटे, एखादा ढग वाट चुकून घरात शिरला आणि बाहेर पडायचं विसरून गेला! हे वाक्य मी तेव्हा वहीत लिहून ठेवलं होतं. ते सुचलं म्हणून दिवसभर खुशीत होतो, हेही आज कबूल करायला हवं.

त्या हिवाळ्यात कुठल्याशा शहरातल्या भल्या लोकांनी गावकऱ्यांसाठी फ्लीसच्या चादरींचं एक भलंमोठं गाठोडं पाठवलं. ते शाळेत उतरलं आणि शाळेत मी एकटाच शिक्षक, म्हणून वाटायचं काम माझ्याकडे आलं. एक चादर काखोटीला मारून पहिल्यांदा मी यमुनाकाकूंच्याच घरी निघालो. दारापर्यंत पोचलो. समोर तो ढग. मनात आलं, जिच्या घरी कापूस आढ्यापर्यंत रचलेला, तिला मी हे परकं, यंत्राच्या पोटातून निघालेलं कापड पांघरायला देणार? हा तिच्या श्रमांचा उपहास नव्हे का? आणि मी दारातूनच माघारी फिरलो, बाकीच्या घरीही गेलो नाही; गाठोडं शाळेत कुलपात ठेवलं. तिला विचारलं नाही. विचारायचं असतं, हे मला सुचलंच नाही. त्या माघारी फिरण्याला आज काय नाव देऊ? आदर म्हणू, की अहंकार? की घरोघरचे रुसवेफुगवे चुकवू पाहणारा निव्वळ आळस? तिन्ही थोडे थोडे असावेत. कोणतं किती, याचा हिशेब मला अजून लागलेला नाही.

शाळेच्या पडवीत एका कुत्रीनं चार पिल्लं घातली होती. थंडीनं ती एकमेकांच्या अंगात शिरत आणि तरी कुडकुडत. मुलांच्या आग्रहावरून मी एक चादर कापली. मग दुसरी. माणसांना देताना अडलेला हात कुत्र्यांना देताना किती सैल सुटतो, याचं मलाच नवल वाटलं. उरलेल्या पट्ट्यांची मी पिल्लांसाठी वेडीवाकडी वेणी घालत बसलो होतो, तेव्हा मंदाला शाळेत सोडायला यमुनाकाकू आल्या. थोडा वेळ कमरेवर हात ठेवून पाहत राहिल्या.

"गुरुजी, ही वेणी व्हय का उंदराची शेपटी? सरका बरं तिकडं."

त्या बसल्या, पट्ट्यांची गाठ पायाच्या अंगठ्याखाली दाबून धरली आणि प्रत्येक पेड ओढून ओढून आवळू लागल्या. "ढिली घातली तं सुटून जाते. बैलाचं दावं असो का पोरीची वेणी, ओढल्याबिगर जमत नाही." भेगाळलेल्या टाचेजवळ ते मऊ, गुलाबी कापड. वेणी पुरी झाली तेव्हा त्यांनी उरलेला तुकडा उचलला, दोन बोटांत चोळला आणि काही क्षण गालाला लावून धरला.

"लय मऊ हाय, बाप्पा. हे कुत्र्यायसाठीच आलं का, गुरुजी?"

त्या प्रश्नात आरोप नव्हता. खरं सांगायला एक श्वास पुरला असता. परंतु खरं सांगितलं तर, गाठोडं आठ दिवस कुलपात का, पहिली चादर पिल्लांना का, ही सगळी उत्तरं द्यावी लागली असती, आणि माझ्यापाशी उत्तर म्हणून होतं काय, तर वहीतलं एक सुंदर वाक्य. मी म्हणालो, "हो काकू. कुत्र्यांसाठीच."

त्या हसल्या. "पाह्य वं मंदे, शहरातले लोक कुत्र्यायले बी चादरी धाडतेत. आपण कुत्रं व्हाले पाह्यजे होतं." हसू ओसरलं. मग माझ्याकडे न पाहता, पिल्लांकडे पाहत म्हणाल्या, "मंग एक मले बी देजा. माह्या घरी बी हाय कुत्रं."

त्यांच्या घरी कुत्रं नव्हतं. मांजरसुद्धा नव्हतं. ते मला ठाऊक होतं आणि मला ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक असावं. गोंधळून मी भलतंच बोलून गेलो, "पण काकू, तुमच्या घरी तर एवढा कापूस..."

"कापूस पांघरते का कोणी, गुरुजी? सरकी हाय त्याच्यात, इकाचा माल हाय. अन् त्याच्यापाशी निजलं तं अंगभर खाज सुटते. पोरगी खाजवू खाजवू लाल होऊन राह्यली. म्हून आम्ही दोघी मांगच्या छपरीत निजतो."

मागची छपरी म्हणजे चार खांबांवर टाकलेले पत्रे आणि तिन्ही बाजूंनी उघडा वारा. ज्या ढगाचं मला एवढं कौतुक, त्यानं त्या दोघींना घराबाहेर काढलं होतं! भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या माणसाला हे कळू नये? की कळून घ्यायची गरजच भासली नव्हती? मी उठलो, एक चादर घडी मोडू न देता त्यांच्या हातात ठेवली. कुत्र्याच्या नावानं. त्यांनीही ती तशीच घेतली, पदराखाली झाकून.

त्याच दिवशी शाळा सुटताना त्या पुन्हा आल्या. चार पिल्लांतलं पांढरं पिल्लू उचलून म्हणाल्या, "हे नेतो मी, गुरुजी." सकाळी बोललेलं खोटं त्यांनी दिवस मावळायच्या आत खरं करून टाकलं. माझं खोटं मात्र गावभर फिरत राहिलं. चावडीवर माणसं हसली, "आपल्या गावच्या कुत्र्यायची मजा हाय भाऊ," आणि हसताना त्यांचे डोळे हसत नव्हते. आता त्या चादरी कुठल्या तोंडानं माणसांना द्यायच्या? उरलेलं गाठोडं मी दुसऱ्या तालुक्यातल्या एका शाळेकडे पाठवून दिलं. तिथं त्या चादरी माणसांनी पांघरल्या असं नंतर ऐकलं. म्हणजे कुणाला तरी ऊब मिळाली. पण ज्यांच्यासाठी ती आली होती, त्यांचं काय?

काही दिवसांनी यमुनाकाकूंच्या कुंपणावर ती चादर वाळत घातलेली दिसली. या कापडाचा एक गुण असा, की त्याला लागलेला केस सहजी सुटत नाही. जवळ जाऊन पाहिलं. पिल्लाचे आखूड पांढरे केस होते. त्यांत एक लांब पांढरा होता, आणि दोन-तीन लांब काळे. कोण कोण तिच्याखाली निजत होतं, हे सांगायला आणखी पुरावा नको होता. मी ते पाहिलं आणि शाळेत जाऊन मुलांना शुद्धलेखन घातलं. पुढच्या उन्हाळ्यात माझी बदली झाली.

मध्ये किती हिवाळे गेले! पांघरुणं करण्याचा हा नाद मला कधी लागला, तो प्रायश्चित्त म्हणून लागला की त्या खोट्याला उशिरा का होईना खरं करण्यासाठी, मला सांगता येत नाही. चादरी कुत्र्यांसाठीच असतात, असं मी जणू वर्षानुवर्षं सिद्ध करीत बसलो आहे.

आणि या हिवाळ्याच्या आरंभी, एका रविवारी, ओसरीच्या पायरीवर एक तरुण बाई उभी राहिली. "ओळखलं का, सर? मी मंदा." ती आता राळेगावला नोकरी करते; माझा पत्ता आणि हा कुत्र्यांचा नाद तिला तिथल्या एका शिक्षकाकडून कळला होता, आणि तिनं तो आजीलाही सांगितला होता. यमुनाकाकू पावसाळ्यात गेल्या, हे तिनं चपला काढता काढताच सांगितलं. मग पिशवीतून एक गोधडी काढली. जुन्या सुती लुगड्यांचे थर, हातानं घातलेले मुंगीच्या रांगेसारखे टाके; आकार मात्र लहान, पाळण्याहून थोडा मोठा.

"आजीनं शिवली, सर. तुमच्या कुत्र्यायसाठी. तिच्या जिवाले लय लागून होतं. म्हणे, कुत्रं नव्हतं घरी अन् गुरुजीपासून कुत्र्याची चादर मागून आणली. भल्या माणसाले फसवलं मी. जाता जाता बी तेच. म्हणे, गुरुजीले वापस करजो."

माझ्या हातात त्या वेळी अर्धी वेणी होती. मंदानं ती पाहिली आणि हसली. "ही तं आजीची वेणी हाय. माही बी अशीच घालत जाये, डोळे ताणले जात." तिची राळेगावची गाडी अर्ध्या तासानं होती. त्या अर्ध्या तासात मी चहा केला, कुत्र्यांचे स्वभाव सांगितले, कोणतं कुत्रं खेळणं फाडतं आणि कोणतं जपून ठेवतं तेही सांगितलं. जे सांगायचं होतं, ते ओठापर्यंतही आलं नाही. ज्या बाईनं आयुष्यभर एकच चादर घेतली, तीही आपल्याच वाट्याची, ती स्वतःला लबाड समजत गेली. आणि ज्यानं ती लबाडी तिच्या पदरात बांधली, तो भला माणूस म्हणून तिच्या तोंडी राहिला. हा कसला न्याय? आणि तो मोडायची भीती मला अजूनही का वाटावी?

आठ दिवसांनी मी मंदाला फोन केला. एका दमात सगळं सांगितलं. पलीकडे बसस्थानकाचा गलका ऐकू येत होता. तिनं विचारलं, "मंग सर, त्या चादरी आमच्याच होत्या?"

"हो."

"हे आजीले सांगाले पाह्यजे होतं, सर. मले सांगून काय उपेग?" स्वरात राग नव्हता, राग असता तर मला धरायला काहीतरी मिळालं असतं. मग म्हणाली, "ठेवते. गाडी लागली."

आज पुन्हा रविवार. समोर फ्लीसचे गुलाबी तुकडे, आणि शेजारी ती गोधडी. ती कुत्र्यांना द्यावी, तर यमुनाकाकूंचा शब्द पाळला जातो. पण तो शब्द माझ्या खोट्यावर उभा आहे. न द्यावी, तर तेव्हा त्यांची चादर अडवली, तशी आता त्यांची परतफेडही अडवून धरल्यासारखी. शेवटी मी ती स्वतःच्या गुडघ्यांवर ओढून घेतली. आखूडच ती, गुडघ्यांपलीकडे पुरत नाही. आमचं म्हातारं कुत्रं आलं, दोन वेळा गोल फिरलं आणि माझ्या पायांशी, तिच्या लोंबत्या अर्ध्या भागावर अंग टाकून पडलं. गल्लीतून जाणाऱ्याला वाटलं असेल, कुत्र्यासाठीच अंथरली आहे.

एका कोपऱ्यात, लुगड्याची जुनी कड जिथं कापली गेली होती, तिथून एक सुती धागा सुटून बाहेर आला आहे. मी तो चिमटीत धरला. हलकेच ओढला, तर आणखी थोडा आला. ओढणं थांबवलं. तोडून टाकावा म्हणून शेजारची कात्री उचलली, आणि पुन्हा खाली ठेवली.