मासळीबाजारात माफी मागणारे विश्रामकाका

श्री. विश्राम लाड, म्हणजे आपले विश्रामकाका, यांची माझी ओळख आमच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात झाली. मुलांनी थर्माकोलची अणुशक्तीवर चालणारी युद्धनौका केली होती आणि मी, विज्ञानाची शिक्षिका, तिच्यावर बेहद्द खूश होते. नौदलाच्या इंजिनरूममध्ये उमेदीची वर्षं काढून हेदवीला परतलेले काका पाहुणे होते. त्यांनी नौका नीट न्याहाळली आणि विचारलं, "बाई, अणुभट्टीच्या शेजारी झोपणारी माणसं दाखवायची राहिली काय?" मी ओशाळले, आणि त्याच दिवशी त्यांची विद्यार्थिनी झाले.

पुढे अणुशक्तीवरच्या बोटींच्या धोक्यांविषयी गावोगावी होणाऱ्या त्यांच्या व्याख्यानांना मी सोबत जाऊ लागले. जमिनीवरच्या अणुभट्टीला पत्ता असतो, ते सांगत. बोटीवरची भट्टी आज समुद्रात, तर उद्या कुणाच्या तरी बंदरात. तिथे आग लागली, टक्कर झाली, तर शेजारच्या गावाला कळणार कसं? बोटीवर अण्वस्त्रं आहेत की नाहीत, हेही कोणी सांगत नाही. नौदलाबद्दल मात्र त्यांनी कधी वावगा शब्द काढला नाही. बोटीवरच्या माणसांच्या काळजीपोटीच ते बोलत.

एकदाच त्यांचा तोल गेला. रत्नागिरीजवळच्या एका कोळीवाड्यात रंगात येऊन ते म्हणाले, "उद्या गळती झाली, तर तुमची मासळी शिवेल कोण?" सकाळपर्यंत गावभर झालं की गळती झालीच आहे. बाजारात गिऱ्हाईक फिरकेना.

हे कळताच काका मला घेऊन पहिल्या एसटीने तिथे आले. भर बाजारात हात जोडून म्हणाले, "असं काही झालेलं नाही. मी भीती घातली, चूक माझी." मग मासळी विकायला बसलेल्या पारूबाईंच्या टोपलीतले बांगडे घेतले, शेजारच्या खानावळीत तळून घेतले आणि सर्वांसमोर बसून जेवले. दुपारपर्यंत गिऱ्हाईक परतलं. मला मात्र म्हणाले, "बाई, आजपासून व्याख्यानं बंद. या माउलीच्या पोटावर मी पाय दिला."

पारूबाईंनी ते ऐकलं. "काका, भ्याव घालू नका," त्या म्हणाल्या, "पन तुमी गप ऱ्हायलात तर आमाला सांगील कोन?"

पुढच्या व्याख्यानाला त्या पहिल्या रांगेत होत्या. तेव्हापासून काका आधी काय झालेलं नाही ते सांगतात, मग काय होऊ शकतं ते. आपली चूक चारचौघांत कबूल करणारा असा जाणकार मी दुसरा पाहिला नाही. ते माझे गुरू आहेत, याचा मला फार अभिमान वाटतो.

पंच्याहत्तरी गाठलेल्या काकांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. त्यांनी आयुष्यभर दिलेले सगळे इशारे खोटे ठरोत, आणि ते खोटे ठरलेले पाहायला काका शंभर वर्षं आपल्यात असोत.