डाव्या कोपऱ्याचा उजवा हात

"ह्याचं काय व्हनार न्हाई," आबा म्हणाले.

मी समोरच उभा होतो. ओट्याखाली. गुडघे सोललेले, चड्डीला माती. आबा म्हणजे आमच्या गावचे पाटील. कबड्डीचा संघ गावाचा म्हणायचा, पण बनियन त्यांनी दिलेल्या, मैदान त्यांचं, शब्द त्यांचा. साल एकाहत्तर. शेजारच्या गावाकडून हरून आलो होतो आणि ओट्यावर माझा निवाडा चालला होता. पोरगं कोपऱ्यात टिकंल का? घोडेगावच्या बाजारात बैल घेताना बोलतात तसं बोलत होते. बैलाला निदान तोंड तरी उघडायला लावतात. मला कुणी काही विचारलं नाही.

ड्रिल मास्तर माझ्या बाजूनं होते. हायस्कूलचे मास्तर, शुद्ध बोलायचे. "झेप चांगली आहे त्याची. वेळ दिला तर तयार होईल."

"झेपंला काय चाटायचंय? धरलेला गडी सुटतोय." आबा पान जुळवत होते. "कोपरा ह्याला दिला कशापायी? खाली वाकायची सवय हाय त्यांच्या हाडात. तेबी जमंना."

सगळे हसले. मास्तरही हसले. मीही हसलो. एकोणीस वर्षांचा घोडा, आणि हसलो. त्या हसण्याची लाज मला आजही वाटते.

कोपरा म्हणजे रांगेचं टोक. चढाईला आलेला गडी टोकाशी आला की कोपऱ्यानं खाली झेपावून त्याचा घोटा धरायचा. पण एकट्यानं घोटा धरून गडी थांबत नसतो. तो ओढत नेतो मधल्या रेषेपर्यंत. म्हणून रांगेतले गडी एकमेकांचे हात धरून उभे असतात. कोपऱ्यानं हात सोडला की शेजाऱ्याला त्याच क्षणी कळतं, हा झेपावला. तो वरून कमरेला मिठी मारतो. बघायची गरज नाही, हातालाच कळतं.

मी डाव्या कोपऱ्यात. माझ्या उजव्या हाताला भानुदास. आबांचा पुतण्या. तो माझा हात धरत नव्हता.

एक वीत अंतर ठेवून उभा राहायचा. हात पुढं केल्यासारखा करायचा, पण बोटाला बोट लागू द्यायचा नाही. सरावात मी त्याचा पाय धरलेला चालायचा. मातीत लोळवलेलं चालायचं. खेळ संपला की तो आंघोळ करून मारुतीला जायचा, प्रश्न मिटला. पण सगळ्या गावासमोर, बरोबरीनं, हातात हात घेऊन उभं राहायचं? ते नाही. म्हणून मी झेपावलो की त्याला उशिरा दिसायचं. तो येईपर्यंत गडी रेषेवर. आणि सुटला कुणाकडून? माझ्याकडून.

मला हे माहीत नव्हतं असं नाही. पण मी ते स्वतःशीसुद्धा बोलत नव्हतो. माझीच पकड ढिली, असं मानणं सोपं होतं. जिल्ह्याच्या संघात नाव लागलं तर पोलीस भरतीला जोर मिळेल, असं मास्तर म्हणाले होते. ती एक आशा होती. रोज सकाळी घरामागच्या बाभळीच्या बुंध्यावर झेपा टाकायचो. कोपरं फुटायची. आई म्हणायची, "झाडानं काय घोडं मारलंय तुजं?"

मग जत्रेतले सामने आले. राजूरच्या डोंगरातला संघ आला होता. त्यांचा एक काटक गडी दोनदा माझ्या हातात सापडला आणि दोनदा सुटला. आम्ही हरलो. सामन्यानंतर तो आपणहून माझ्याकडं आला. घाम पुसत म्हणाला, "पकड लई कडक हाय तुजी. तुजा हात कुनी धरीत न्हाई व्हय रं?"

परका माणूस. अर्ध्या तासात त्यानं पाहिलं.

माझ्या डोक्यात जाळ झाला. ओट्यावरच्या वादात माझं सगळं निघालं होतं. झेप निघाली, हाडं निघाली, बापजादे निघाले. रिकामा हात तेवढा निघाला नाही. आणि दिसत होतं सगळ्यांना. आबांना दिसत होतं. मास्तरांना तर शिट्टी फुंकताना रोज दिसत होतं.

पंधरा दिवसांनी निवडीचा सामना होता. नगरहून दोन निवडणारे आलेले. रांग लागली. मी उजवा हात पुढं केला. भानुदासानं नेहमीसारखं वीतभर अंतर ठेवलं. मी हात तसाच पुढं ठेवला. मास्तरांनी शिट्टी तोंडाला लावली, आणि मी रांगेतून बाहेर आलो.

"काय झालं?" मास्तर.

"ह्यो हात धरीत न्हाई. धरल्याबिगर मी उभा ऱ्हानार न्हाई."

भानुदास मातीकडं बघत होता. मास्तर जवळ आले, आवाज खाली आणून म्हणाले, "मैदानात जात आणू नकोस."

"मी आनली?" मी मोठ्यानं विचारलं. मुद्दाम. नगरच्या पाहुण्यांना ऐकू जावं म्हणून.

खुर्चीवरून आबा म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं. काढा त्याला भायेर."

काढलं. माझ्या जागी दुसरा उभा केला. भानुदासानं त्याचा हात लगेच घट्ट धरला. पाहुण्यांनी मान खाली घालून कागदावर काहीतरी लिहिलं. भानुदास जिल्ह्याला गेला. मी त्या संघात पुन्हा कधी उभा राहिलो नाही. पोलिसातही गेलो नाही. गावात वर्षभर बोलणं चाललं, पोरगं चांगलं होतं, मस्तीनं वाया गेलं.

मी चांगला कोपरा झालो असतो का? मला माहीत नाही. नसेनही झालो. पण हरायचा तरी माझा मला हक्क होता. माझ्याच चुकीनं हरायचा. तोही त्यांनी ठेवला नाही, आणि वर ओट्यावर बसून माझी लायकी मोजली. हे मी माफ केलेलं नाही. करणार नाही. मास्तरांना तर मुळीच नाही, कारण त्यांना कळत होतं.

त्या दिवसापासून मी एक नेम केला. कुठल्याही रांगेत, कामाच्या, सभेच्या, जेवणाच्या, उभं राहण्याआधी मी हात पुढं करतो. शेजारच्यानं धरला तर ठीक. नाही धरला तर का नाही धरला, ते त्याच्याकडून सगळ्यांसमोर, मोठ्यानं वदवून घेतो.