दोन तांबे गोडं पाणी

निकम कुणाच्याही घरी गेला की आधी पाण्यात बोट बुडवून चाखायचा. नौदलाच्या जहाजावर तपासणीसाठी समुद्राचं पाणी बाटल्यांत भरण्यात त्याची उमर गेली होती. सवय सुटत नाही म्हणे. आमच्याकडे जेवायला आला तेव्हा माझ्या सासऱ्यांसमोर तांब्यात बोट घालून म्हणाला, "मचूळ हाय." तेव्हा तो माझ्या डोक्यात गेला, तो गेलाच.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. कराडजवळच्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवायचो. निकम मेढ्याचा, प्रयोगशाळेत सहायक, तोही तात्पुरता. पण पोरं गोळा व्हायची त्याच्याभोवती! त्यानं खाऱ्या पाण्याच्या दोन काचेच्या टाक्या मांडल्या होत्या. एक दिव्यानं तापवलेली, दुसरी बर्फात ठेवलेली. दोन्हींना जोडणारी वर एक नळी, तळाशी एक. थंड, जड पाणी तळातून गरम टाकीत यायचं, गरम पाणी वरून थंडीकडे जायचं. निळ्या शाईमुळं ते दिसे.

"समुद्रबी आसाच फिरतोय," तो सांगायचा. मग थंड टाकीत तांब्याभर गोडं पाणी ओतायचा. पाणी हलकं होऊन शाई रेंगाळायची, पण वाट सोडायची नाही. "येवढं सोसतंय. हद्द वलांडली की उलटतंय."

त्याला कायम करायचं की नाही, हे कॉलेजची समिती प्रयोग बघून ठरवणार होती. त्या सकाळी मी गुपचूप थंड टाकीत गोडं पाणी ओतलं. शाई जरा रेंगाळावी, त्याची फजिती व्हावी, बस. एका तांब्यानं ती रेंगाळली, पण माझं समाधान होईना म्हणून दुसरा ओतला. शाई थांबली आणि उलटी निघाली.

माझी पाचावर धारण बसली. पण मी पडलो रसायनवाला. दोन तांब्यांना लागेल तेवढं मीठ काट्यावर तोलून टाकलं, ढवळलं. शाई उलटीच.

समितीसमोर निकम सांगत होता एक आणि शाई करत होती दुसरंच. एक साहेब हसले. निकमनं थंड टाकीत बोट बुडवलं, चाखलं. चव नेहमीचीच असणार. मग त्यानं माझ्या बाहीवरचं मीठ पाहिलं. माझं नाव मात्र घेतलं नाही. त्याचाच मला जास्त राग आला.

त्याची नोकरी गेली. महिन्याभरानं मी मेढ्याला जाऊन माफी मागितली, अगदी हात जोडून. तो दारातच उभा होता.

"मास्तर, मीठ किती टाकलंसा?"

"ओतलेल्या पाण्याला लागेल तेवढंच."

"मंग? तेवढ्यानं सुलट झालं?"

मी उन्हातनं एसटी स्टँडवर परत आलो. त्यानं मला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं, आणि बरोबर केलं होतं.